नारळ पोचेपर्यंत

सातपाटी
२२ जुलै, परवा दिव्यांची अवस

बाय उन्नती,

वर श्री काढलाय तो जरा वाकडा झालाय, पण हाय श्रीच. वर्गातल्या बाई म्हणतात, काशीबाई, आधी गाव, मग तारीख, मग मजकूर. आमी सगळ्या म्हाताऱ्या मच्छीमार सोसायटीच्या वरच्या खोलीत बसतो आणि पाटीवर अ काढतो. जल्म गेला पापलेटं निवडण्यात, आता अक्षरं निवडतो. झुंबर हसते मला. हसू दे. तिला वाचता येत नाय म्हणून तर तिच्या टोपलीतून चिठ्ठी पाठवायला बरं वाटतं. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन ती रोज जातेच, त्यात हा कागद काय जड हाय? वास येईल तेवढा सोस.

फोन करू नकोस. तू बोलतेस आणि माझ्या कानात नुसती इंजिनाची घरघर येते. मी आपली हो हो म्हणते. मागं तू काय विचारलंस कोण जाणे, मी हो म्हटलं आणि आपल्या बोटीवरचा शैलेश माझ्यासाठी दोन डझन केळी घेऊन आला.

तर तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची. "आजी, तू नारळी पुनवेला नारळाचं आइस्क्रीम करायचीस, ते कसं करायचं ते लगेच कळव." लगेच! अगं, बोईसरला दुकानं काय कमी हायत? पण नाय, आजीचंच पायजे. आणि ते पण आषाढात, पाऊस कोसळत असताना, गारेगार पायजे. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नाला चार वर्षं झाली. बाय माझी, मी काय बोलत नाय. असल्या गोष्टी तीन महिने बोलू नयेत. नुसती गालातल्या गालात हसत्ये. तुझी आई तुझ्या वेळी सुक्या जवळ्याची भूक घेऊन बसली होती, पोरगी तिखट निघाली. तुझं गोड निघेल. आज तुझी आई मंगला असती तर नाचली असती.

आता ऐक. हे मला तारापूरच्या पारशिणीनं शिकवलं. मी तिच्या दारावर पापलेट द्यायची, ती मला ओट्यावर बसवून चहा द्यायची. ती अंड्याचं करायची, व्हॅनिलाचा वास घालून. मी म्हटलं, आमच्या पुनवेला आमचा वास पायजे. मग मी त्यात नारळीभात घातला. म्हणजे भात नाय, भाताचा वास.

दोन नारळ खवून पाट्यावर वाट, फडक्यातून पीळ, पहिलं घट्ट दूध बाजूला ठेव. म्हशीचं दूध आटव. अंड्यांचा पिवळा बलक साखरेत घोट, मग त्यात गरम दूध घाल, पण चमचा चमचा. एकदम ओतलंस तर भुर्जी होईल. परत मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ राहिली की उतरव. गार झालं की नारळाचं दूध घाल. गूळ पातळ करून, तो पण गार करून, सगळ्यात शेवटी. गरम घातलास की दूध फाटलंच. लवंग, वेलची, जायफळ. माझी सासू म्हणायची, श्रावणात अंडं कसलं घालतेस, आणि मग चोरून दोन वाट्या खायची.

आणि एक. नेम विसरली नसशील. समुद्राला नारळ गेल्याशिवाय आपल्या घरात नव्या नारळाचं गोड तोंडात जात नाय. तू लहान असताना आइस्क्रीमच्या पॉटचा आतला दांडा चाटलास आणि माझा धपाटा खाल्लास, आठवतो? पण तुझं आता वेगळं हाय. तुझ्यासारखीला सगळी सूट. तू खा. पण तुझ्या बापाला बोट लावू देऊ नकोस. तो तांडेल हाय, बोटीचा म्होरक्या. त्याच्या जिभेवर सगळ्या खलाशांचा जीव. पुनवेला इथं येईल, नारळ सोडेल, मग पॉटभर खाईल.

कमलाकांत बरा हाय ना? मासेमारीच्या बंदीच्या दिवसांत कंपनीत काम मिळालं, तुझ्या निमेशरावांनी लावून दिलं, बरं झालं. इथं बसून नुसती जाळी विणली असती आणि तंबाखू मळली असती. त्याला सांग, आयेला दोन ओळी लिही. आये आता वाचते.

तुझी आजी
काशीबाई

*

बोईसर
२५ जुलै

प्रिय आजी,

पत्र मिळालं. झुंबरमावशी बाजारात भेटली. तू किती छान लिहायला लागलीस! मी दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं.

तू जे समजलीस त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. तूच म्हणतेस, बोलू नये.

आजी, आइस्क्रीम केलं. फ्रीजमध्ये ठेवलं. पण त्यात बर्फाची बारीक काच होते. जिभेवर टोचते. टोचायला अजिबात नको. लोण्यासारखं उतरायला हवं, चावावं न लागता. आणि लवंग झोंबते. जायफळही झोंबतं. वेलचीचं एक टरफल राहिलं होतं, तेवढ्यानं सगळी वाटी परत गेली. मसाला काढून टाकला तर मग ते तुझं राहत नाही, नुसतं गोड दूध होतं, आणि तसलं दूध नको असतं. वास हवा, पण झोंबायला नको. असं काही होईल का? गूळ कमी केला तर चालेल का? अंडी जास्त घातली तर चालतील का? अंडी जास्त गेली तर बरं.

आजी, हे जमलंच पाहिजे. दुसरं काहीच पोटात राहत नाही. पेज नाही, वरण नाही, ताकसुद्धा नाही. तुला वाटेल ही पोरगी एका आइस्क्रीमसाठी काय जीव टाकतेय. टाकतेय, असंच समज. लवकर लिही. झुंबरमावशी उद्या निघायच्या आत कागद दे.

बाबा ठीक आहेत. ओव्हरटाइम असतो, म्हणून लिहायला जमत नाही.

तुझी
उन्नती

ता. क. मावशीला घरापर्यंत पाठवू नकोस, तिला जिना चढावा लागतो. मीच बाजारात येईन.

*

सातपाटी
२८ जुलै, उद्या नागपंचमी

बाय माझी उन्नती,

मी काय केलं सांगू? रागावशील. मी समोरच्या वाड्यात सांगितलं. फक्त एकीला. तिनं बंदरावर सांगितलं. काल शैलेशची बायको हिरव्या बांगड्या घेऊन आली, म्हटलं ठेवून दे, वेळ हाय अजून. पण मला इतकं हलकं वाटतंय बघ, गुडघे पण दुखत नायत. खोटं, दुखतात. पण आनंदानं दुखतात.

बायकांनी मला विचारलं, पोरीला उलट्या होतात का? मी म्हटलं, ताक पण राहत नाय. सगळ्या म्हणाल्या, मुलगा.

आता काच. अगं, फ्रीजमध्ये ठेवून आइस्क्रीम होतं का? त्याला फिरतं ठेवावं लागतं. उभं राहिलं की त्याची काच होते. माणसाचं पण तसंच, तुझे आजोबा बंदीत घरात बसले की असेच टोचायचे. म्हणून आपला पॉट पाठवत्ये. लाकडी बादली, आतला डबा, दांडा, सगळं. माळ्यावरून शैलेशनं काढला, मी चिंच लावून डबा घासला. बादलीत बर्फ आणि जाडं मीठ थरावर थर घालायचं, बारीक मीठ नको. आणि दांडा थांबवायचा नाय. हात भरून आला तर निमेशरावांना बसव, नवरा कशाला असतो. इथं बर्फाचा कारखाना बंद हाय, बोटी सुरू झाल्याशिवाय बर्फ नाय. तुमच्या बोईसरला मिळेल. फक्त मासेवाल्याच्या पेटीतला आणू नकोस. एका वर्षी मी आणला होता आणि सगळ्या आळीनं बोंबलाचं आइस्क्रीम खाल्लं. कोणी बोललं नाय, सणाचा दिवस होता.

मसाल्याचं सोपं हाय. लवंग, वेलची, जायफळाचा तुकडा, सगळं पातळ फडक्यात बांध आणि ती पुरचुंडी दुधात सोड. दूध तापलं की काढून टाक. वास राहतो, दात जातात. अंडी घाल हवी तेवढी. गूळ कमी चालेल.

पण उन्नती, एक विचारू? पोटुशी बाई बर्फ कराकरा चावून खाते. मी खायची. तुझी आई तर बर्फाच्या लादीला चिकटून बसायची. तुला काच टोचते? आणि जायफळ झोंबतं? तू लहानपणी माझ्या डब्यातलं जायफळ चोरून चाटायचीस, उगाळायला ठेवलेलं. तेव्हा झोंबलं नाय.

झुंबर म्हणते, पोरगी वाळली हाय. मी म्हटलं पहिल्या महिन्यात वाळतातच. पॉट जड हाय, तो ती घरापर्यंत आणेल, बाजारात ठेवून देणार नाय. जिना चढू दे, तिचे पाय माझ्यापेक्षा चांगले हायत.

कमलाकांतनं दोन ओळी लिहिल्या नायत. ओव्हरटाइम रविवारी पण असतो काय?

आजी

*

बोईसर
३१ जुलै

आजी,

मला दिवस गेलेले नाहीत.

हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. बांगड्या परत कर. बंदरावर काय सांगायचं ते सांग, माझ्या नावावर सांग.

खाणारे बाबा आहेत. झुंबरमावशीनं पॉट वर आणला तेव्हा ते दारासमोरच खाटेवर होते, टॉवेल गळ्याभोवती. त्यांना बघून ती पॉट ठेवून खाली बसली आणि त्यांच्या पायावरून हात फिरवला. मी तिला शपथ घातली. पण तू ओळखलंस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

जिभेच्या कडेला गाठ आहे. कॅन्सर. कंपनीतलं काम वगैरे काही नव्हतं. बंदी लागल्यावर दातासाठी म्हणून दवाखान्यात गेलो आणि तिथून हे निघालं. महिनाभर मशीनचे शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहेत. रोज गाडीनं नेतो, आणतो. शेकानं तोंड आतून पूर्ण सोललंय. गळ्याची कातडी काळी पडलीय. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. तुला सांगू नको म्हणून त्यांनीच अडवलं. म्हणाले, माझा बाप गेला तेव्हा आयेनं अन्न टाकलं होतं, आता टाकलं तर उठणार नाही. हे सांगितलं तेव्हा त्यांना बोलता येत होतं.

डॉक्टर म्हणतात, शेक मधेच थांबले तर आतापर्यंतचे फुकट जातील. आणि वजन असंच उतरलं तर थांबवावे लागतील. नाहीतर नाकातून नळी घालायची. नळी म्हटलं की ते भिंतीकडे तोंड करतात. मंगळवारी वजन आहे.

आइस्क्रीम त्यांनीच मागितलं होतं. सगळं नको नको म्हणताना एक दिवस पाटीवर लिहिलं, "आयेचं नारळाचं." मला इतका आनंद झाला! फ्रीजमधलं करून झाल्यावर तुझं पहिलं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं, हसवायला म्हणून. माझ्या डोहाळ्यांवर त्यांचे डोळे हसले. आणि मग ती ओळ आली. तुझ्या बापाला बोट लावू देऊ नकोस, त्याच्या जिभेवर सगळ्या खलाशांचा जीव. मी गाळायला हवी होती. माझ्या लक्षात येईपर्यंत वाचून झाली होती.

त्याआधी चाखलं तेव्हा टोचलं, झोंबलं, एक चमचासुद्धा गेला नाही, ते मी तुला लिहिलं. पण परवा पॉटवर केलं. निमेश आणि मी आळीपाळीनं फिरवलं. आजी, लोणी झालं होतं. सगळ्या घरात सणाचा वास. मी चमचा ओठांपर्यंत नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि पाटी मागितली. "पुनवेला."

मी पाया पडले. निमेश रागावला, म्हणाला, बाबा, समुद्राला काय कळतं? त्यांनी लिहिलं, "शैलेश बोट काढणार. माझ्या तोंडासाठी पोरं घालवू?" पुनव आठ तारखेला आहे. मंगळवार त्याच्या आधी येतो. दवाखान्यातली सलाइन आणि पाणी, एवढ्यावर ते आहेत. मी वाटीकडे बघत बसते आणि ती वितळते.

तू लिही. तू लिहिलंस तर ऐकतील. लिही की खा म्हणून, काही होत नाही म्हणून. तू सांगितलेला नेम तूच सोड. मी तुझ्यापुढे पदर पसरते.

उन्नती

*

सातपाटी
२ ऑगस्ट

उन्नती, आणि कमलाकांत,

दोघांना एकच पत्र. उन्नती, हे मोठ्यानं वाच. या वेळी एक ओळ गाळू नकोस.

आधी हे की मी जेवले. काल भात आणि सुकटीची चटणी, रात्री पण, आज सकाळी पेज. शैलेशच्या बायकोला विचार. कमलाकांत, ऐकलंस? आये जेवली. आता ती काळजी तुझी संपली.

तुझं पत्र मला सकाळपासून दुपारपर्यंत पुरलं. एक शब्द अडला. क वर चंद्र, मग न्स, मग र. बाईंनी असला शब्द शिकवला नव्हता. अक्षर अक्षर लावून वाचला आणि वाटलं, कशाला शिकले? अंगठाच बरा होता. मग रडले. आमच्या घरात रडायला मोकळं हाय आता, माणसंच नायत. झुंबर पॉट देऊन आली तेव्हा चहा न घेता गेली होती. झुंबर आणि चहा सोडते? ती काहीतरी लपवत्ये, हे मला तेव्हाच कळलं होतं. बांगड्या परत केल्या. बाया काय म्हणायचं ते म्हणोत. हिरवा रंग कुठं पळून जात नाय.

तू म्हणतेस, आजी, लिही, नेम सोड. मी लिहायला बसले पण. "कमलाकांत, खा, काय होत नाय." लिहिलं आणि फाडलं. तुझ्या बापाला मी ओळखते. तो म्हणेल, आयेनं माझ्या मायेपोटी लिहिलं. घास तोंडात घेईल आणि गिळणार नाय. आणि उद्या शैलेशच्या बोटीला दोरीचा काच जरी बसला तरी हा म्हणेल, माझ्यामुळं. असल्या घासानं अंगाला काय लागणार? आणि मी तरी काय होत नाय असं म्हणू का? मला काय माहीत काय होतं? समुद्रात नवरा आणि मुलगा पाठवून मी आयुष्यभर दारात उभी राहिले, मला नाय त्याच्याशी चेष्टा करायची.

म्हणून मी नेम मोडला नाय. पाळला. लवकर पाळला.

आज उजाडता झुंबरला उठवलं. म्हटलं, चल. ती म्हणते, कुठं? म्हटलं, देणं द्यायला. घरातला नारळ घेतला, पुनवेसाठी ठेवलेला, शेंडीचा. सोनेरी कागद दुकानात आला नाय अजून, म्हणून तुझ्या लग्नाच्या पेढ्यांच्या खोक्यातला कागद गुंडाळला. हळद, कुंकू, फूल. वारा असा की पदर सांभाळू की नारळ. झुंबर म्हणाली, काशी, लोकं येडी म्हणतील. मी म्हटलं, लोकं झोपलीत.

बंदराच्या बाजूला गेले नाय, तिथं बोटींना रंग लावायला माणसं येतात. मुरब्याकडच्या खाडीच्या तोंडाला गेले. पाण्यात गुडघाभर उतरले. हात जोडले, नारळ सोडला. तो गेला थोडा, आणि लाट आली, आणि परत माझ्या पायाशी.

परत सोडला. परत आला. तिसऱ्यांदा जोरात फेकला. माझा हात केवढा जोरात फेकणार? तो तिथंच डुलला आणि सरळ माझ्याकडे चालत आला, कागद अर्धा फाटलेला. मी तशीच चिखलात बसले. म्हटलं, नाय घेत. माझ्या पोराचा नारळ नाय घेत. मी त्याला शिव्या घातल्या, इथं लिहीत नाय, बाई वाचतील. म्हटलं, माझ्या नवऱ्याचं तारुण्य घेतलंस, माझे कान तुझ्या वाऱ्यानं नेले, आणि एक नारळ घेत नायस?

तेवढ्यात झुंबर माझ्या खांद्याला धरून कानात ओरडली, "अगं ए तांडेलीण! भरती हाय!"

भरती! सत्तर वर्षं किनाऱ्यावर काढली आणि चढत्या पाण्यात नारळ सोडायला गेले. आळीतलं नाकात शेंबूड असलेलं पोर पण करणार नाय असं. चढतं पाणी सगळं परतच आणतं, ते काय माझ्या एकटीवर रुसलं होतं? मी रडत होते आणि झुंबर हसत होती, मग मी पण हसले, मग ती रडली.

मग बसलो दगडावर, पाणी फिरायची वाट बघत. अष्टमीच्या आसपासचं पाणी, त्याला उधाणासारखी घाई नसते. ते आळशासारखं चढलं, आळशासारखं थांबलं. मी तोपर्यंत त्याच्याशी नीट बोलले. सांगितलं, शिव्या मागं घेत्ये. घरचा तांडेल आजारी हाय, म्हणून म्हातारी आली. पुनवेपर्यंत थांबता येत नाय, मंगळवार मधे येतो. मंगळवार म्हणजे काय ते तुला सांगून कळणार नाय, तुला मी पण सांगू शकत नाय. तू सगळ्यांचा पुनवेला घेतोस, आमचा आज घे. लवकर दिला म्हणून कोणी कमी लेखतं का?

खुंटावरचं पाणी एक बोट खाली उतरलं, तेव्हा उठले. कमरेइतक्या पाण्यात गेले, झुंबर मागून पदर धरून. फेकला नाय. हातावरून सोडला, पोराला पाळण्यात सोडतात तसा. तो गेला, उन्नती. सरळ. एकदा पण वळला नाय. कागद चमकत होता तोवर बघितला, मग नुसतं पाणी.

कमलाकांत, आता तुझ्याशी. तांडेल तू हायेस, पण तांडेलाची आई मी हाय. आपल्या घरचा नारळ गेला. सूट नाय, माया नाय, खोटं नाय. झुंबर साक्षीला हाय. शैलेशला मी सगळं सांगितलं, तो म्हणाला, "आजी, काकाला सांग, तू खा, मी बघतो बोटीचं." आता तू तोंड मिटलंस तर तो तुझा नेम नाय, नुसता हट्ट. आणि हट्ट करायचा असेल तर माझ्यासमोर येऊन कर.

पहिला चमचा जिभेच्या चांगल्या बाजूनं घे. हळू. वितळू दे. गिळायची घाई नको.

बरा हो रे. माझं ऐक.

तुझी आये

*

बोईसर
५ ऑगस्ट

आजी,

दवाखान्यातून आत्ताच आलो. घाईत लिहितेय, मावशी खाली थांबलीय.

पत्र वाचलं. गाळलं नाही. समुद्र नारळ परत देत होता तिथं त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग झुंबरमावशीचं ओरडणं आलं आणि त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. मी घाबरले. ते हसत होते, आजी. दुखत होतं आणि हसत होते, डोळ्यांतून पाणी.

मग हात पुढे केला. वाटी स्वतः धरली. पहिला चमचा किती वेळ तोंडात होता मला माहीत नाही, निमेश आणि मी श्वास धरून. घशाशी जाताना त्यांनी माझं मनगट असं आवळलं की अजून वळ आहेत. पण गेला. थोड्या वेळानं दुसरा. रविवारी अर्धी वाटी. काल एक, पण त्यातलं बरंचसं उलटलं. मी परत केलं, परत दिलं.

आज वजन उतरलं नाही. वाढलंही नाही. डॉक्टर म्हणाले, एक आठवडा बघू, शेक चालू ठेवू. एक आठवडा, आजी. पुढच्या मंगळवारी परत काटा. आजचा शेक दिलाय, उद्याचं मला माहीत नाही. मी त्या काट्याकडे बघू शकत नाही. दांडा फिरवून माझ्या तळहाताला फोड आलेत आणि मला तेवढंच करता येतं, म्हणून मी फिरवते.

पुनवेला त्यांना येता येणार नाही. त्यांनी पाटीवर तुझ्यासाठी लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

"आये, खाल्लं. गूळ कमी. उन्नतीचा हात आखडता. भरतीला नारळ? बंदरावर सांगू नको, माझी तांडेलकी जाईल."

उन्नती

*

सातपाटी
८ ऑगस्ट, नारळी पुनव

बाय उन्नती,

त्या दोन ओळी मी बाईंना पण वाचायला दिल्या नायत. उशाखाली हायत. गूळ कमी म्हणतो ना? मग घाल जास्त. जिभेला गोड कमी लागायला लागलं म्हणजे जिभेला काहीतरी लागतंय. आणि उलटलं तर परत दे. मी त्याला लहानपणी असंच वाढवलं, अर्धं पोटात, अर्धं माझ्या लुगड्यावर.

आज सगळं गाव नाचलं. बँड, गुलाल, बोटींना पताका. शैलेशनं आपल्या बोटीला नवा रंग दिलाय, कमलाकांतला आवडणार नाय असा निळा. संध्याकाळी सगळ्या घरांचे नारळ बंदरावर आले, सोनेरी, चकाकते. ओहोटी बरोबर धरली होती सगळ्यांनी, मी मुद्दाम बघितलं. मी पण नवं लुगडं नेसून गेले, रिकाम्या हातानं. हातांचं काय करायचं ते मला कळेना. एवढी वर्षं या दिवशी हातात ताट असतं. मग झुंबरचा हात धरला.

आणि पाणी असं मोठं दिसत होतं, उन्नती. मला त्याच्याकडे बघवेना. म्हटलं, घेतलंयस ना, मग आता शब्द राख. तो काय बोलतो? त्याला पण माझ्यासारखंच ऐकू येत नसेल.

समोरच्या वाड्यातली, ती बांगड्यांवाली बातमी पसरवणारी, सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, मला ऐकू जावं म्हणून, "काय काशीबाई, मुलगा आला नाय, नातीचं पण काय झालं नाय म्हणे, आणि या वर्षी तुमच्या घरचा नारळ पण नाय?"

आधी मला रडूच येणार होतं. मग तुझ्या तळहाताचे फोड आठवले. पदर खोचला आणि तिला तिच्याहून मोठ्यानं सांगितलं,

"आमचा पोचला."

आजी